सगळ्यांना दिलेलं घड्याळ

मी काय काम करते हे कुणी विचारलं, की "घड्याळं बनवते" असं सांगून मी मोकळी होते. त्याचा परिणाम असा, की निवृत्तीनंतर पुण्याहून चिखलीला राहायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकू भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन दारात उभ्या. मी सेल बदलला. घड्याळ चालू झालं. "एवढ्यासाठी इतकं शिकावं लागलं का वं बाई?" काकूंनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, निव्वळ काळजी होती.

माझी घड्याळं भिंतीवर लागत नाहीत. तळहाताएवढं हिरवं सर्किट, त्यातून निघालेली केबल, आणि केबलच्या टोकाला गच्चीवर पालथ्या वाटीसारखा पांढरा अँटेना, एवढाच संसार. आकाशातल्या उपग्रहांमध्ये अणुघड्याळं असतात आणि ते उपग्रह सतत वेळ सांगत फिरत असतात. आपला मोबाईल त्यातल्या काहींचं ऐकून आपण कुठे आहोत ते काढतो. पण अँटेना गच्चीवर पक्का बसवला आणि त्याची जागा एकदा नीट मोजून ठेवली, की 'कुठे' हा प्रश्न संपतो. सगळी ताकद 'किती वाजले' यावर लावता येते. माझं सर्किट सेकंदाच्या कोट्यंशापर्यंत वेळ सांगतं.

इतकी बारीक वेळ कोणाला लागते? विजेच्या उपकेंद्रांना लागते, मोबाईलच्या टॉवरांना लागते. आणि आकाशातली वीज कुठे पडली हे शोधणाऱ्यांना लागते. वीज कडाडते तेव्हा रेडिओवर जी खरखर ऐकू येते, ती चारी दिशांना प्रकाशाच्या वेगानं पळत असते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात तीनशे मीटर. ती चार गावांत कधी कधी पोचली हे अचूक कळलं, तर वीज कोणत्या शिवारात पडली ते काढता येतं. अट एकच, चारही गावांतली घड्याळं एकमेकांशी तंतोतंत जुळलेली हवीत.

ते जुळवायचं काम माझं होतं. एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्राध्यापकांनी गणिताची बाजू घेतली आणि आम्ही चिखली, देऊळगाव राजा, वरवट बकाल आणि सुलतानपूर इथे चार केंद्रं बसवली. प्रत्येक ठिकाणी गच्चीवर अँटेना आणि भोंगा. विजा जवळ यायला लागल्या की भोंगा वाजायचा आणि शेतातल्या माणसांनी घर गाठायचं. सुरुवातीला लोक हसले. मग भोंगा वाजल्यावर खरंच विजा पडायला लागल्या, तसे हसायचे थांबले.

सर्किट जुळवायला रफिकभाई होते. चिखलीत त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. बोट थरथरू न देता केसाएवढे सुटे भाग जोडणारा माणूस. "म्याडम, तुम्ही कागदावर काढा, मी तव्यावर भाजतो," असं म्हणायचे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच येऊन आदळलं. माझ्या सर्किटचा आराखडा खुला आहे. म्हणजे काय, तर एखाद्या शिंप्यानं कपडे बेतायचे आपले सगळे कागद चौकात ठेवून द्यावेत आणि म्हणावं, न्या, शिवा, विका, बदला, मला विचारू नका. मी तेच केलं. नोकरीत असताना मी आखलेलं सगळं काम कंपन्यांच्या कपाटात कुलूपबंद आहे. त्यातलं बरंचसं कधी बाजारात आलंच नाही. म्हातारपणी तरी आपलं काम कुणाच्या उपयोगी पडावं, अशी इच्छा होती. लांबलांबच्या देशांतून लोक कळवायचे, तुमचं सर्किट बनवलं, चाललं. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो, पण आता त्याला एक ओरखडा आहे.

त्या वर्षी सुलतानपूरचं केंद्र त्रास द्यायला लागलं. दुपारनंतर कधीतरी त्याला एकही उपग्रह दिसेनासा व्हायचा. अर्ध्या-पाऊण तासानं सगळे पुन्हा हजर. रविवारी काही नाही. सुट्टीच्या दिवशी काही नाही. मी अँटेना बदलला, केबल बदलली, शेवटी सर्किटच बदललं. फरक शून्य. उपग्रह एकेक करून मावळतात. सगळे एकदम मावळले असं होत नाही. मला ते खटकत होतं, पण चौथं केंद्र मधेच गप्प झालं तरी उरलेल्या तिघांवर काम रेटता येतं, अशी आम्ही समजूत काढली. तीन केंद्रांवरून कधीकधी विजेच्या दोन जागा निघतात आणि त्यातली खरी कोणती हे चौथं सांगतं. तेवढाच काय तो प्रश्न, असं वाटलं होतं.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत एकदा दुपार कलल्यावर ढग आले. सुलतानपूर नेमकं त्याच वेळी गप्प होतं. गणितानं विजेच्या दोन जागा काढल्या, एक सुलतानपूरचं शिवार आणि दुसरी कितीतरी लांब. खात्री नसेल तर भोंगा वाजवायचा नाही, असं ठरलेलं होतं. भोंगा वाजला नाही.

संध्याकाळी काशिनाथरावांचा फोन आला. त्यांच्याच गच्चीवर आमचं केंद्र होतं. शांत, मोजकं बोलणारा शेतकरी माणूस. त्यांची सून मंदा बांधावरच्या कडुलिंबाखाली उभी होती, वीज लिंबावर आली. शेजारचा बैल जागच्या जागी मेला. मंदा फेकली गेली, जीव वाचला, पण एका कानानं ऐकू येईना.

"ताई," काशिनाथराव म्हणाले, "भोंगा वाजला नाही."

एवढंच. रागावले असते तर मी काहीतरी बोलले असते. फोन ठेवला. चहा उतू जाऊन गॅस विझलेला होता आणि वास घरभर पसरला होता, तेव्हा भान आलं.

दुसऱ्याच दिवशी मी आणि रफिकभाई सुलतानपूरला गेलो. मंदा दवाखान्यातून घरी आली होती. तिच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला बसावं लागत होतं. मी बसले. काय बोलले, ते लिहिण्यासारखं नाही.

मग आम्ही दोघं गच्चीवर जाऊन वाट पाहत राहिलो. उपग्रहाची हाक इतकी क्षीण असते, की जत्रेत दोन लाऊडस्पीकरांच्या मधे उभ्या माणसाच्या कानात कुणी कुजबुजावं. दुसरा कुणी जवळ येऊन जरा जोरात ओरडला, की ती बुडाली. असा ओरडणारा कुणीतरी इथे आहे, असा आता माझा पक्का संशय होता. जॅमर नावाची डबी मिळते. वापरणं बेकायदा आहे, पण मालकाला आपला ठावठिकाणा कळू नये म्हणून काही ट्रकवाले लपूनछपून वापरतात.

दुपार कलल्यावर सगळे उपग्रह एकदम गेले. रफिकभाईंनी हातातला छोटा अँटेना फिरवायला सुरुवात केली. आवाज ज्या बाजूला वाढेल तिकडे आम्ही चालायचं. गच्ची उतरलो, घराला वळसा घातला, मागच्या गल्लीत शिरलो. मला ट्रक दिसेल असं वाटलं होतं. तिथे एक पांढरी स्कूटी उभी होती. हँडलला शाळेची पिशवी लटकलेली.

"म्याडम, हेच हाय," रफिकभाई म्हणाले. मोबाईल चार्जिंगच्या पिनला एक काळी डबी खोचलेली होती, तिच्यावर बारीक हिरवा दिवा.

माझा हात पुढे गेला तोच समोरच्या घरातून एक बाई धावत आली. तिशीची असेल. हाताला तेल लागलेलं.

"गाडीले हात लावू नका! पाया पडते, ते काढू नका!"

मी तिला झापायच्या तयारीत होते. पण ती आमच्याकडे बघतच नव्हती. ती गल्लीच्या तोंडाकडे बघत होती, कुणी येतंय का म्हणून. इतकं भ्यालेलं माणूस मी जवळून पहिल्यांदाच पाहिलं.

तिचं नाव सविता. पलीकडच्या गावच्या शाळेत शिक्षिका. हे तिचं माहेर. आत खाटेवर तिची आई होती, अर्धांगानं पडलेली. सविताच्या नवऱ्याला सासूची जमीन स्वतःच्या नावावर करून हवी होती. म्हातारीनं सही केली नाही. तेव्हापासून सविताला माहेर बंद.

"मग येतेस कशी?" मी विचारलं.

"त्याच्या मोबाईलवर माही गाडी दिसते, म्याडम. कुठी थांबली, किती वेळ थांबली, सगळं. सीटखाली कायतरी बसवलं त्यानं. काढलं त त्याले लगेच समजते. माह्या मामेभावानं हे डबी देल्ली, थो ट्रकवर आहे. हे लावलं की गाडी जिथची तिथं दिसते. म्या सांगतलं, त्या पट्ट्यात रेंजच नाई. शाळा सुटली की येते, आईले आंघोळ घालते, वेणी घालते, जाते."

रफिकभाई खाली बघत होते. मी जे बोलायला आले होते ते बोलणं भाग होतं. मी तिला भोंग्याचं सांगितलं. आदल्या दुपारचं सांगितलं.

"मंदा?" ती म्हणाली. "आपली मंदा? काशिनाथ काकाची?" आणि ती उंबऱ्यावर बसली. "काल मी इथंच होती. वीज पडली तवा आईच्या केसात फणी होती माही... माह्यामुळं झालं का हो, म्याडम?"

खोटं बोलता आलं असतं. "वीज कुणामुळे पडत नाही," मी म्हणाले. "भोंगा वाजला असता तर मंदा वेळेत घरी आली असती का, हे मला ठाऊक नाही. पण भोंगा वाजला नाही तो या डबीमुळे."

ती उठली आणि तिनं स्वतःच्या हातानं डबी उपटली. हिरवा दिवा गेला. डबी माझ्या हातात ठेवून म्हणाली, "आता दिसली मी त्याले."

निदान ते यंत्र काय आहे ते पाहावं म्हणून रफिकभाईंनी सीट काढली. बॅटरीशेजारी काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली काड्यापेटीएवढी डबी होती. त्यांनी वायर न तोडता झाकण उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. स्वस्तातलं, कुणीतरी घाईत बनवलेलं काम. एका कोपऱ्यात अँटेनाकडून आत येणारी तांब्याची रेघ होती. ती सरळ आत जायला हवी होती. पण ती मधेच डावीकडे वळत होती, कशाला तरी वळसा घातल्यासारखी, आणि पुन्हा जागेवर येत होती.

मी त्या वळणावरून नख फिरवलं.

माझ्या पहिल्या आराखड्यात त्या ठिकाणी स्क्रूचं भोक होतं. भोक हलवायला उशीर झाला होता म्हणून मी रेघ त्याच्याभोवतीनं वळवली होती. ते वळण जगात दुसऱ्या कुणी काढायचं काही कारणच नव्हतं. या डबीत त्या जागी भोक नव्हतंच. वळण मात्र होतं. जसंच्या तसं, माझ्या हातचं.

"काय झालं, म्याडम?" रफिकभाईंनी विचारलं.

"रफिकभाई, हे माझं आहे."

त्यांनी डबी डोळ्यांजवळ नेली. ते वळण त्यांनीही कितीदा पाहिलेलं होतं. त्यांच्या तोंडून फक्त "या अल्ला" एवढंच आलं.

सविता आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. "तुमचं म्हंजे? तुम्हीच देल्लं का त्याले?"

"नाही गं. मी त्याला ओळखतसुद्धा नाही. मी सर्किटचा आराखडा सगळ्यांसाठी मोकळा ठेवला होता. कुणीतरी त्यातला तुकडा उचलून हे बनवलं, ते यानं विकत घेतलं असणार."

तिनं जरा विचार केला. ती चिडली नव्हती, फक्त समजून घेत होती. वर्गात एखादं अवघड गणित समजून घ्यावं तशी. "सगळ्याइले देल्लं," ती म्हणाली, "म्हंजे त्याले बी देल्लंच ना."

मी इतकी वर्षं सभांमधून खुल्या आराखड्यांच्या बाजूनं बोलत आले आहे. शंका काढणाऱ्यांना उत्तरं दिली आहेत. त्या गल्लीत मी फक्त "हो" म्हणाले.

रफिकभाई सविताला म्हणाले, "ताई, तोडून टाकू का? गाडी खड्ड्यात आदळली, वायर तुटली म्हणून सांगा."

"नको," सविता म्हणाली. "जसं होतं तसं लावा."

"अगं पण..."

"लावा, म्याडम. मले आता लपून येणं नाई."

आणि आम्ही ते परत लावलं. टेप मी गुंडाळली.

सविता सासरी निघून गेली, पण तिला असं एकटीला सोडून चिखलीला परतायचं माझ्या जिवावर आलं. काशिनाथरावांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते सविताला दोष देतील. त्यांनी मंदाला हाक मारली. मंदानं चांगला कान पुढे करून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "थे माह्यासंग शाळेत होती. मले काऊन नाई सांगतलं तिनं?" मग मलाच म्हणाली, "तुम्ही आज इथंच राहा. उद्या शनिवार, सकाळची शाळा हाय. थे येईन." रफिकभाईंनी दुकानावर निरोप पाठवला आणि तेही थांबले.

दुसऱ्या दिवशी सविता आली. आदल्या दिवशी नवऱ्यानं मोबाईल पाहिलाच नव्हता म्हणाली, घरी काही झालं नाही. स्कूटी गल्लीत उघडी लावली. आईला खाटेसकट ओट्यावर घ्यायला मंदानं आणि काशिनाथरावांनी हात दिला; मी आणि रफिकभाई ओट्याच्या कडेला बसलो. उन्हात बसून सविता म्हातारीची वेणी घालायला लागली. दोघी मैत्रिणी एकमेकींशी काही फार बोलल्या नाहीत. सवितानं एकदा मंदाच्या कानामागे हात लावून पाहिला, एवढंच.

वेणी पुरी व्हायच्या आत मोटारसायकल आली.

मी मनात एक राक्षस रंगवला होता. उतरला तो नीटनेटका, इस्त्रीच्या शर्टातला तरुण. पायातले बूट काढून ओट्यावर आला, काशिनाथरावांना नमस्कार केला, आणि मग बायकोला म्हणाला, "इथं काय करून राह्यली?"

"आईची वेणी घालून राह्यली," सविता म्हणाली. तिची बोटं थांबली नाहीत. "रोज घालते. सहा महिन्यांपासून येते. मोबाईलवर दिसलं नसंल, आज दिसलं."

"मले इचारलं का?"

"नाई."

"घरी चाल."

"नाई येत."

गल्लीतली माणसं दारांत आली होती. त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर आली. "तुम्ही कोण?"

"तुम्ही गाडीत बसवलंय ना, त्यातला उपग्रहाचा भाग माझ्या आराखड्यातून घेतलाय," मी म्हणाले. त्याला लाज वाटेल, निदान चपापेल, अशी माझी अपेक्षा होती.

त्याचा चेहरा उजळला. "तुम्ही बनवलं? भारी चीज आहे, म्याडम. एकदम अचूक! शाळेच्या कोणत्या गेटातून गेली ते बी समजते. मी दोस्तांले सांगतलं, दोघांनी घेतलं. बायामाणसाची काळजी असते ना."

त्यानं हात जोडले. मनापासून.

इतक्या वर्षांत माझ्या कामाला कुणी एवढी खुल्या दिलानं दाद दिली नव्हती. पुण्यातल्या साहेबांनी नाही, परदेशातल्या तज्ज्ञांनी नाही. त्या माणसाला आपण काही वावगं केलं असं वाटतच नव्हतं. तो माझ्याकडे आपल्याच बाजूचं माणूस म्हणून बघत होता.

शेवटी काशिनाथराव बोलले. "जावईबापू, पोरगी म्हणते येत नाई. गाडी तुमची असंल त घेऊन जा."

गाडी सविताच्या पगाराची होती. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्यानं बूट घातले आणि तो गेला. जाताना सवयीनं त्यानं खिशातला मोबाईल काढून पाहिला.

त्यानंतर मंदानं रफिकभाईंकडून सीट काढून घेतली आणि ती डबी विळ्याच्या उलट्या बाजूनं ठेचली. मी अडवलं नाही.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. सविता आईजवळ राहिली. कोर्टकचेरी झाली, तिचा निकाल चांगला लागला की वाईट, हे तिचं तिलाच सांगता येईल. मी आराखडा मागे घ्यावा का, यावर बरेच दिवस झुरले. रफिकभाई म्हणाले, "म्याडम, तीर कमानीतून गेला. आता कागद लपवून बाकी गावांतले भोंगेच राहून जातील, दुसरं काय?" त्यांचं खरं होतं. आराखडा आजही खुला आहे. नव्या सर्किटमध्ये मी कायम एकाच तापमानाला ठेवलेला स्फटिक बसवला. उपग्रह दिसेनासे झाले तरी काही तास तो स्वतःच्या बळावर वेळ सांभाळतो. सुलतानपूर आता गप्प होत नाही. मंदाचा कान मात्र आला नाही.

आई गेल्यावर सवितानं बदली मागून घेतली. मधे बरेच महिने तिची काही खबर नव्हती. परवा अनोळखी नंबरावरून फोन आला. आवाज ओळखला आणि मला इतका आनंद झाला, की फोनवर सगळेच विचारतात तेच माझ्या तोंडून आधी गेलं.

"सविता! अगं, कुठे आहेस तू?"

पलीकडून फक्त मुलांचा कालवा ऐकू येत होता, शाळा सुटलेली असावी. माझी चूक माझ्या लक्षात आली. मग ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"नाई सांगत, म्याडम," ती म्हणाली. "चांगली आहो."